तुरट गोष्टींच्या चुरी मॅडम

चुरी मॅडमच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला चहाच्या आधी जीभ बाहेर काढावी लागे. आपण दारात चपला काढतोय तोवर त्या आतून काहीतरी घेऊन यायच्या. हिरड्याचा तुकडा, डाळिंबाच्या सालीचा चुरा, दिवस उन्हाळ्याचे असले तर काजूचं बोंड. "चावा," म्हणायच्या. चावलं की समोर उभ्या राहून चौकशी सुरू. जीभ कुठे सुकली, टोकाला की कडेला? गाल आतून ओढल्यासारखे वाटतात का? पाहुणा बिचारा तोंड वाकडं करून मान हलवायचा. मग त्या समाधानाने म्हणायच्या, "तुरट ही चवच नाही मुळी. गोड, आंबट, खारट जिभेला कळतं. तुरट कातडीला कळतं. तो स्पर्श आहे." आणि आत वळून, "अहो, चहा टाका," असं नवऱ्याला सांगायच्या.

मी पालघरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्या रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्या निवृत्त होईपर्यंत ती शेजारीच राहिली. विषय इतके लांबचे, पण मॅडमना त्याचं काही नव्हतं. समोर कान असलेलं माणूस बसलंय एवढं त्यांना पुरे.

त्या केळव्याकडच्या. वाडवळांच्या पानमळ्यात वाढलेल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना दोन्ही हात वापरणाऱ्या. साड्या सगळ्या सुती आणि प्रत्येक साडीवर कुठल्या ना कुठल्या झाडाची सही. एका पदरावर जांभळाचा डाग, दुसऱ्याच्या निऱ्यांवर काथाचा. धुऊन जात नाहीत का, असं मी एकदा विचारलं तर त्यांना वाईट वाटलं. जाऊ नयेत म्हणून तर झाडानं ते बनवलंय, म्हणाल्या.

झाडाला पळता येत नाही, ही त्यांच्या सगळ्या बोलण्याची सुरुवात. किडा आला, बुरशी आली, डोक्यावर ऊन तापलं, तरी झाड जागचं हलत नाही. म्हणून ते सालीत, पानात, फळात असं काहीतरी बनवून ठेवतं की खाणाऱ्याचं तोंड वाळावं. शास्त्रात त्याला पॉलिफेनॉल म्हणतात. वर्गात पहिल्याच दिवशी त्या हा शब्द फळ्यावर लिहीत आणि खाली लिहीत: म्हणजे चहा, हिरडा, जांभूळ, काथ, हळद. किनाऱ्यावरचे मच्छीमार पूर्वी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, ती कुजत नसत. कातडं कमावतात तेही सालीनंच. हे सांगून झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. जाळं कुजत नाही, कातडं कुजत नाही, मग माणसाच्या शरीरातही हे काहीतरी राखत असेल, असं त्या म्हणायच्या. आणि लगेच बोट वर करून स्वतःलाच दटावायच्या, "हे अनुमान नाही हां, ही आशा आहे. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवायचं."

त्यांच्या पर्समध्ये डोळ्यांच्या थेंबांची एक जुनी बाटली असे. तिच्यात फेरिक क्लोराइडचं पिवळट पाणी. तुरट पदार्थावर त्याचा थेंब पडला की तो काळानिळा नाहीतर हिरवट काळा होतो. हा थेंब त्या कुठेही टाकत. एका लग्नात पंगत उठल्यावर आलेल्या विड्यातला काथ काढून त्यावर त्यांनी थेंब टाकला, तो काळपट हिरवा झाला, आणि शेजारी बसलेल्या वरमाईला वाटलं की विड्यात कुणी काही घातलंय. तिची समजूत काढता काढता अण्णांच्या नाकी नऊ आले.

अण्णा म्हणजे चुरीसाहेब. तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. शिफ्टची बस त्यांना नाक्यावर सोडायची, तिथून घरापर्यंत ते संथपणे चालत यायचे. मितभाषी माणूस. घरात काय शिजतंय ते जेवण आहे की प्रयोग, हे ते कधी विचारत नसत. दोन्ही खात.

चहात दूध घालणं मॅडमना मंजूर नव्हतं. दुधानं चहातला सगळा तुरटपणा बांधला जातो, मग तो प्यायचा कशाला, हा त्यांचा सवाल. आमच्या स्टाफरूमच्या चहावाल्याला त्यांच्यासाठी वेगळा पेला आणावा लागे आणि तो दर वेळी कोणीतरी चुकून उचलायचं. एकदा तो प्राचार्यांनी उचलला. एक घोट घेऊन त्यांनी पेला इतक्या हळू खाली ठेवला की स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पुस्तकात डोकं घातलं.

प्राचार्यांशी त्यांचं एक प्रकरण शाईवरून झालं होतं. कॉलेजात तपासणीसाठी समिती यायची होती. मॅडमनी मुलांकडून हिरडे कुटून, गंजके खिळे घालून शाई करवली होती आणि ती त्यांना कुठेतरी वापरून बघायची होती. त्यांनी दौत आणि टाक नेऊन प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवला. स्वागताच्या सूचनेवर सरांनी मोठ्या झोकात सही केली. कागदावर फिकट पाण्यासारखी रेघ उमटली. सर तापले. मॅडम, ही शाई आहे की चहा, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि नव्या कागदावर बॉलपेननं सही केली. मॅडमनी तो पहिला कागद सूचनाफलकावर टाचून ठेवला. संध्याकाळी समिती कॉलेज बघत फिरताना थांबली ती त्या कागदापाशी. हवा लागून सही काळीभोर झाली होती. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, इतकी सुंदर शाई कुठली? प्राचार्य पुढे होऊन म्हणाले, "आमची. आमच्या कॉलेजची." त्यानंतर मॅडमना प्रयोगशाळेसाठी मागितलेलं कपाट विनातक्रार मिळालं.

आता गुडघ्यांबद्दल सांगायला हवं. मॅडमना संधिवात होता, आणि तो ऐन उमेदीत सुरू झालेला. थंडीत सकाळी पलंगावरून उठताना त्या आधी दोन्ही पाय खाली सोडून थोडा वेळ बसत, गुडघ्यांना हाक मारल्यासारख्या थोपटत आणि मग उभ्या राहत. पहिल्या मजल्यावरच्या वर्गाला त्या घंटेच्या बऱ्याच आधी निघत. याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. मात्र गावातल्या प्रत्येकाकडे त्यावर औषध होतं. कोणी निरगुडीचा पाला आणून देई, कोणी करंजाचं तेल, आणि हळदीचं दूध तर सगळेच सांगत. मॅडम कोणालाच नाही म्हणत नसत. सगळं करून बघत, पण एका वेळी एकच. दोन औषधं एकदम घेतली तर आभार कोणाचे मानायचे, असं विचारत. डॉक्टरांच्या गोळ्याही घेत. "गोळी डॉक्टरांची, हळद माझी. दोघांनी एका घरात राहायचं," असा त्यांचा तोडगा होता.

यातूनच लाडवांचा प्रयोग निघाला. हळद गुडघ्यांवर खरंच काम करते की आपल्याला तसं वाटतं, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. गल्लीतल्या गुडघे दुखणाऱ्या सगळ्या बायकांना त्यांनी गोळा केलं. मेथीचे दोन तऱ्हेचे लाडू केले. दिसायला दोन्ही पिवळे, मेथीमुळे चवीला दोन्ही कडू. एकात भरपूर हळद, दुसऱ्यात नुसता खायचा पिवळा रंग. कुठल्या डब्यात काय आहे हे फक्त अण्णांना माहीत, कारण डबे भरण्याचं काम त्यांचं. मॅडमनी बायकांना सगळं आधीच सांगून टाकलं होतं, की निम्म्या जणींना नुसता रंग मिळणार आहे. सगळ्यांनी हो म्हटलं. प्रत्येकीला खात्री होती की नुसता रंग दुसरीच्या वाट्याला जाणार.

दुपारी सगळ्या जणी मॅडमच्या ओटीवर येत, आपापल्या डब्यातला लाडू खात आणि बोलत बसत. पावसाळा संपून थंडी सुरू झाली तरी हे चाललं होतं. मॅडमना स्वतःला उत्तर जाणून घ्यायची इतकी घाई झाली की त्या अण्णांना आडून आडून विचारू लागल्या. अण्णांनी दाद दिली नाही. उलट मला म्हणाले की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याकडे असं काही आहे जे हिला माहीत नाही, ते सुख आपण आणखी थोडे दिवस घेणार आहोत.

शेवटी डबे उघडे झाले. दोन्ही बाजूंच्या बायकांना बरं वाटत होतं. सगळ्यांत जास्त फरक पडला होता सावेकाकूंना, ज्यांना आधी तीन घरं ओलांडून यायलाही काठी लागायची. आणि सावेकाकूंच्या डब्यात होता नुसता रंग. काकू भडकल्या. आपण फसवलो गेलो असं त्यांना वाटलं. मॅडम मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. मग काकूंचा हात धरून म्हणाल्या, "काकू, तुम्ही रोज चालत आलात. चार घटका बोललात. लाडवाचं काही नाही, तुमचं तुम्हीच केलंत हे." दुसऱ्या दिवसापासून लाडू बंद झाले आणि संध्याकाळचं फिरणं सुरू झालं. मॅडम पुढे, गुडघेवाल्या बायकांचं टोळकं मागे, स्टेशनच्या रस्त्याने हळूहळू जाताना दिसायचं. हळदीबद्दल विचारलं की मॅडम सांगत, "सिद्ध झालं नाही. खोटंही ठरलं नाही. आमटीत घालत राहा."

इतकं नीट बोलणाऱ्या बाईंच्या हातून एकदा चूक झाली. ती त्यांच्या उत्साहाची होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देवळाच्या सभागृहात मॅडमना बोलायला बोलावलं. विषय त्यांचा आवडता, स्वयंपाकघरातली झाडं. सभागृह भरलेलं, बायका खूश, मॅडम रंगात आल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर हळदीतलं पिवळं द्रव्य टाकलं तर त्या मरतात असं शास्त्रज्ञांना दिसलंय. टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य, की बशीत जे होतं ते माणसात होईलच असं नाही, ते त्या टाळ्यांत बुडालं असेल किंवा बोललंच गेलं नसेल. मला आठवत नाही. मॅडमनाही आठवत नव्हतं.

सभागृहाच्या मागच्या बाजूला, दारापाशी, हिरा बसली होती. हिरा एडवणची. सकाळी मासळीची पाटी घेऊन पालघरात यायची, आमच्या दोघींच्याही दारावर. उंच, खणखणीत आवाजाची, भाव करताना हसवणारी. त्या दिवशी पाटी लवकर रिकामी झाली म्हणून वाण घ्यायला थांबली होती.

पुढे होळीच्या सुमारास मॅडमच्या लक्षात आलं की हिरा पाटी एकाच हातानं उतरवते. नंतर एका सकाळी तिच्या चोळीवर बगलेपाशी पिवळा डाग दिसला आणि डागाच्या कडा लालसर होत्या. हळदीवर साबण पडला की ती लाल होते. मॅडमनी विचारलं तेव्हा हिरा म्हणाली, कालवण सांडलं. कालवण काखेत कसं सांडलं, असं मॅडमनी विचारायच्या आत ती पाटी उचलून चालायला लागली. त्यानंतर ती आलीच नाही.

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सुधा, रविवारी माझ्याबरोबर एडवणला येशील? मला एकटीला जायचा धीर नाही." त्यांच्या तोंडी 'धीर नाही' हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

एसटीनं गेलो. उतरून वाळूच्या वाटेनं मॅडम माझा खांदा धरून चालल्या. हिरा अंगणात काठ्यांवर वाळलेले बोंबील काढत होती. नवरा होडीवर गेलेला. आम्हाला बघून तिनं हातातलं काम ठेवलं, पाणी आणलं, आणि कशाला आलात असं न विचारताच समोर बसली.

मॅडमनी सरळ विचारलं, "गाठ केव्हा लागली हाताला?"

दिवाळीपासून होती. आधी वाटाण्याएवढी. हळदीकुंकवाच्या दिवसापासून हिरा सकाळ-संध्याकाळ मूठभर हळद पाण्यातून घेत होती आणि वरून लेप लावत होती. पोटात आग व्हायची, तरी घेत होती.

"तुमीच सांगलंत ना बाय," ती म्हणाली. "हळदीनं ती गाठ मरते म्हून. मी माझ्या कानानं ऐकलं."

मॅडमनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सांगितलं. पण ते काचेच्या बशीतलं होतं, हिरा. तू बशी नाहीस. तू खातेस ती हळद पोटातून तशीच निघून जाते, गाठीपर्यंत पोचतसुद्धा नाही. मी अर्धंच बोलले त्या दिवशी. राहिलेलं सांगायला आलेय."

"मंग तुमी कशाला खाता रोज?"

"गुडघ्यासाठी. माझा गुडघा वाट बघतो. आज एक करून बघेन, महिन्यानं दुसरं, तो आहे तिथंच असतो. ही गाठ वाट बघणार नाही."

हिरानं बोंबलांची टोपली जवळ ओढली आणि उगाच नीट लावत बसली. हळूहळू तिनं सांगितलं. तिच्या थोरल्या बहिणीला असंच झालं होतं. तिला मुंबईला नेलं ते फार उशिरा, आणि ती परत आली नाही. हिराला हळदीवर भरवसा होता त्याहून जास्त त्या हॉस्पिटलचा धसका होता. घरात सगळे तिला म्हणत, काही होत नाही, काही होत नाही. तिनं मान वर करून विचारलं, "तुमी सांगा बाय. मी गेली तर परत येन?"

मला वाटलं मॅडम आता हो म्हणतील. कोणीही म्हटलं असतं. मीच म्हणणार होते.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "लवकर गेलं तर पुष्कळ जणी बऱ्या होतात, एवढं खरं आहे. तू त्यात असशील का ते मला सांगता येत नाही. एकदा मी जास्तीचं बोलून तुला फसवलं. आता नाही बोलणार. तुझ्याबरोबर येईन मात्र. तिथं राहीन."

हिरानं टोपली बाजूला सारली. "समदी सांगतात काय नाय होनार," ती शेवटी म्हणाली. "म्हाईत नाय असं तुमी एकल्याच बोलल्या." आणि मग, "येते मी."

मॅडमनी रजा टाकली. अण्णांनीही टाकली. अण्णांच्या बहिणीचं घर मुंबईत होतं, तिथं सगळ्यांनी मुक्काम केला. हिराचा नवरा आणि अण्णा हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर दिवसभर शेजारी बसत. दोघेही न बोलणारे, त्यामुळे त्यांची छान मैत्री झाली. ऑपरेशन झालं, नंतर शेक देण्याचे उपचार झाले. गाठ पसरलेली नव्हती. डॉक्टरांनी तेव्हाही सगळं ठीक झालं असं म्हटलं नाही, तपासणीला येत राहा म्हणाले. हिरा येत राहिली आणि प्रत्येक वेळी तपासणी चांगली निघत गेली.

पण मॅडम बदलल्या. फिरायला जाणं बंद झालं. भाषणाची बोलावणी आली तर गुडघ्यांचं कारण सांगत. पर्समधली बाटली दिसेना. एक दिवस चहावाल्यानं चुकून दुधाचा चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी तो मुकाट्यानं संपवला. त्या दिवशी मला खरी काळजी वाटली.

यातून त्यांना बाहेर काढलं ते हिरानंच. डावा हात आता जड पाटी उचलत नव्हता, म्हणून ती बाजारात बसून सुकी मासळी विकायला लागली होती. एका दुपारी ती कॉलेजात आली. थेट स्टाफरूममध्ये शिरली, तिच्यामागे सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा वास शिरला, आणि आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी खिडकी उघडली. हिरानं मॅडमना विचारलं की भाषणं का बंद केलीत. मॅडम म्हणाल्या, माझ्या बोलण्यानं तुझ्या जिवावर बेतलं असतं. हिरा म्हणाली, बेतलं असतं ते अर्ध्या बोलण्यानं, मग आता पुरं बोला. आणि बोलायला भीती वाटत असेल तर मला संगती न्या, तुमचं काही राहिलं तर मी सांगीन.

अशी ती जोडी झाली. पुढची काही वर्षं त्या दोघी बोलावतील तिथं जात. मनोरच्या बाजाराच्या दिवशी, किनाऱ्यावरच्या गावांतून, आणि बोईसरला चाळींमधल्या भाड्याच्या खोल्यांतून, जिथं कारखान्यांत काम करणाऱ्यांची कुटुंबं राहत. मॅडम आधी सांगत, आपल्याला काय माहीत नाही. मग सांगत, काय माहीत आहे. जांभूळ, हळद, कोकम, पालेभाज्या, सगळं खा, आवडीनं खा, त्यानं शरीराला बळ मिळत असावं. सुपारी तुरट असली तरी तोंडाची शत्रू, हे त्या मुद्दाम सांगत. झाडाचं ते सगळं चांगलं असतं असं समजू नका, झाड तुमच्यासाठी काही करत नाही, ते स्वतःसाठी करतं. मग हिरा उठायची. तिचं भाषण फार छोटं. गाठ कशी लागली, काय केलं, कोण आलं, काय कापलं. लाजायची नाही. बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या आणि नंतर एखादी तिला बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारायची. त्यासाठीच आपण जातो, असं मॅडम म्हणायच्या.

बोईसरच्या एका खोलीत सगळ्या बायका हिंदी बोलणाऱ्या निघाल्या. मॅडमचं हिंदी पुस्तकी, ते कोणाला कळेना. हिरानं त्यांना खाली बसवलं आणि म्हणाली, "देखो बाय लोग. हलदी सब्जी में डालने का, औरत को डाक्टर के पास डालने का." खोलीत हशा उसळला. मॅडम म्हणाल्या की इतक्या वर्षांत इतका अचूक सारांश आपल्या एकाही विद्यार्थ्याला जमला नाही.

याच काळात बोईसरचे एक कारखानदार मॅडमकडे आले. रंगाला लागणारी रसायनं बनवायचे. आता हळदीच्या कॅप्सूल काढायचं त्यांच्या मनात होतं आणि डबीवर मॅडमचं नाव हवं होतं, कारण आसपासच्या गावांत त्या नावाला वजन आलं होतं. संधिवात आणि कॅन्सर, दोन्हींवर गुणकारी, असा मजकूर त्यांनी तयार करून आणला होता. मी तिथंच बसले होते. मॅडमनी त्यांना आधी हिरड्याचा तुकडा चावायला दिला, तो त्यांनी सभ्यपणे चावला. मग मॅडमनी शांतपणे विचारलं, "शेठ, तुमच्या आईला गाठ झाली तर हीच कॅप्सूल द्याल?"

माणूस वाईट नव्हता, खोटं बोलणं त्यांना जमेना. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. जरा वेळानं म्हणाले, "गाँठ नहीं है मॅडम, पण माँ के घुटने बहुत दुखते हैं. उसका कुछ?" मग मॅडमनी त्यांना बराच वेळ बसवून घेतलं. डॉक्टरांना दाखवायचं, रोज थोडं चालायचं, पायाच्या कोणत्या हालचाली करायच्या ते खुर्चीवर बसून करून दाखवलं. शेठ स्वतःही समोरच्या खुर्चीवर पाय वर-खाली करत होते. अण्णा चहा घेऊन बाहेर आले ते हे बघून ट्रे धरून तिथेच उभे राहिले. कॅप्सूल पुढे निघाली नाही. शेठ रंगाचंच करत राहिले, आणि दिवाळीला त्यांच्या आईकडून मॅडमना मिठाई येऊ लागली.

मॅडम निवृत्त झाल्या, नंतर लवकरच मला नाशिकला जावं लागलं. जाण्याच्या आदल्या दिवशी मी पालघरच्या एसटी स्टँडवर काही चौकशीला गेले होते. तिथं मॅडम उभ्या. हातात काठी, खांद्याला पिशवी. मनोरच्या पुढे रानात कुणा जुन्या विद्यार्थ्याला एक फार जुनं खैराचं झाड सापडलं होतं, ते बघायला निघाल्या होत्या. इतक्या उन्हाच्या, एकट्या. मी म्हटलं, झाड कुठे पळून जातंय, थंडीत जा. त्या म्हणाल्या, "झाड नाही पळणार ग, पण मी थंडीपर्यंत कशी असेन कोणास ठाऊक. आज पाय चालतायत." आणि मला विचारलं, येतेस का? सामान बांधायचं होतं. पुढच्या वेळी नक्की, असं मी म्हटलं.

एसटीची पायरी उंच होती. कंडक्टर हात द्यायला पुढे आला, त्याला त्यांनी थांबवलं. काठी आधी वर टाकली, दांडा दोन्ही हातांनी धरला, चांगला पाय वर ठेवला, दुसऱ्या गुडघ्याला काहीतरी बोलल्या, आणि चढल्या. खिडकीशी बसून घाम पुसत माझ्याकडे बघून हसल्या. गाडी सुटली. खिडकीतून हात बाहेर काढू नये, अशी पाटी प्रत्येक एसटीत असते. मॅडमचा हात मनोर रस्त्याच्या वळणापर्यंत बाहेर हलत होता.